बिनतक्रार वहिवाट

पोरीला धीर द्यायला घरातली सगळी माणसं जमली होती, आणि पोरीला सोडून सगळी बोलत होती.

रक्तवाली आत आली तेव्हा जेवणं अर्ध्यावर होती. वहिनींनी तिला फोनवर "रविवार आहे, या जेवायला" एवढंच सांगितलं होतं. कशासाठी ते माईंमुळे कळलं. माई म्हणजे तिच्या वडिलांची, अप्पांची, बहीण. त्यांना आयुष्यात जेवण पचलं, औषधं पचली, नवरा पचला. गुपित तेवढं कधी पचलं नाही.

"खा गं पोटभर," माई पोरीला म्हणत होत्या. "उद्या सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही तुला. भूलवाली फार कडक आहे म्हणे."

रक्तवालीने खांद्यावरून पर्स काढायला घेतली होती, ती तशीच अर्ध्यावर राहिली. "कसली भूल? कुणाला?"

टेबलावरचे चमच्यांचे आवाज एकदम वाढले.

"टॉन्सिल काढतोय हिचे," सर्जन ताटातून मान वर न करता म्हणाला. "किरकोळ आहे. खालीच करतोय, आपल्याकडे. घसावाला येईल सकाळी. तुला उगाच त्रास कशाला, म्हणून नाही सांगितलं."

या घरात डॉक्टरांना अवयवावरून ओळखायची पद्धत होती. घसावाला, डोळेवाला, भूलवाली. थोरल्या भावाला मात्र नुसतंच 'सर्जन' म्हणत, कारण तो काहीही कापायचा. खाली त्याचं नर्सिंग होम, वर घर, मधे एक जिना. त्या जिन्याने फिनेलचा वास वर यायचा आणि घरातली भांडणं खाली जायची. धाकटी बहीण रक्तवाली. न थांबणाऱ्या रक्ताची आणि नको तिथे गोठणाऱ्या रक्ताची ती डॉक्टर. मोठ्या इस्पितळातल्या त्या विभागाची प्रमुख. पण अप्पा अजूनही लोकांना "धाकटी रक्त तपासते" असंच सांगायचे, आणि लोक बिचारे तिला पाहिलं की बाही वर करायचे.

ती हे शिकायला निघाली तेव्हा सर्जन म्हणाला होता, "रक्त थांबवायला टाका लागतो. त्यासाठी वेगळा डॉक्टर कशाला?" त्यानंतरची सगळी वर्षं तिने टाक्याने न थांबलेली माणसं बघण्यात घालवली. गुडघे नारळाएवढे सुजलेली मुलं, आणि 'पोराला मारता का' असं ऐकून घेतलेले त्यांचे आईबाप. दाढ काढून आल्यावर उशी भिजवणारी माणसं. आणि बायका. तरण्याताठ्या बायका, ज्यांचं रक्त जास्त जातं म्हणून कुणीतरी पिशवीच काढून टाकली होती. नळ गळतो म्हणून न्हाणीघर पाडावं तसं. रक्त का जातं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. पहिल्यांदा तो विचारला की त्या बायका इकडेतिकडे बघायच्या. आपल्यालाच विचारताहेत ना, म्हणून.

"दादा, तपासण्या केल्यास?" रक्तवाली उभीच होती.

"म्हणजे काय! नर्सिंग होम आहे माझं, सलून नाही."

"कुठल्या?"

"सगळ्या. प्लेटलेट नॉर्मल, क्लॉटिंगचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. हिमोग्लोबिन जरा कमी आहे, ते तिचं नेहमीचंच. बस आता, जेव."

"आपल्या आजारात ते रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. म्हणून तर तो सापडत नाही."

"आला!" सर्जनने चमचा ठेवला आणि सगळ्यांकडे बघून हात पसरले. "आला बघा, आपला आजार आला. मी म्हटलंच होतं हिला, पायऱ्या चढेपर्यंत थांब, घेऊन येईल."

'हिला' म्हणजे वहिनींना. वहिनींनी नणंदेच्या ताटात वाढायला सुरुवात केली; वाढलेल्या ताटासमोर माणूस फार बोलत नाही असा त्यांचा अनुभव होता. नर्सिंग होमची सगळी व्यवस्था त्याच बघायच्या, आणि घर चालवताना तोच अनुभव वापरायच्या.

आपला आजार घरात आला त्याला बरीच वर्षं झाली होती. रक्तवाली तेव्हा शिकत होती. प्रयोगशाळेत रोग्यांच्या रक्ताशेजारी तुलनेला एक निरोगी रक्त लावतात. ते द्यायला शिकाऊ डॉक्टर आयतेच हाताशी असायचे. एकदा तिने दिलं आणि त्या दिवशीचं सगळं गणित बिघडलं. यंत्र तपासलं, रसायन बदललं, तंत्रज्ञाला चार शब्द ऐकवले. शेवटी कळलं की यंत्र बरोबर आहे, रसायन बरोबर आहे, चूक आहे ती निरोगी माणसात. फॉन विलेब्रांड नावाचा आजार. रक्तातल्या विटा जागेवर, सिमेंट कमी. जखमेवर बांधकाम सुरू होतं, टिकत नाही.

ती धावत घरी आली होती. काहीतरी सापडल्याचा आनंदच झाला होता तिला, खरं सांगायचं तर. हे घराण्यात चालत येतं, सगळ्यांनी तपासून घ्या, म्हणाली होती. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि निकाल दिला होता: "आपल्या घरात आजार नाही. आपल्या घरात वहिवाट आहे."

आताही ते खुर्चीत सरसावून बसले. वकिली सुटून बराच काळ लोटला होता. समोर दोन पक्ष भांडताना दिसले की त्यांना तेज चढायचं.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "या घरातल्या बायकांना चार दिवस जरा जास्त त्रास होतो, हे काय कुणी नाकारतंय? माझ्या आईला होता. माईला होता. कुणाचं काही अडलं का? वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत आलं की त्याला कायद्यात वहिवाट म्हणतात. तिला आडवं जाता येत नाही."

हा विनोद त्यांनी तरुण वकील असताना केला होता. घरातल्या बायकांना तो फार सोयीचा वाटला. पाहुण्यांसमोर, पुरुषांसमोर, फोनवर बिनधास्त बोलता येणारा शब्द मिळाला. 'माझी वहिवाट आहे, मी नाही येत लग्नाला.' 'हिची वहिवाट सुरू झाली वाटतं, पांढरी पडली बघ.' विनोद जुना झाला, हसणं संपलं, शब्द राहिला. रक्तवालीसुद्धा कॉलेजात जाईपर्यंत समजत होती की सगळ्या जगात याला वहिवाटच म्हणतात.

"बिनतक्रार!" ती म्हणाली. "अप्पा, तक्रार करायची कुणाकडे? निकाल द्यायला तुम्हीच बसलेले!"

"आवाज चढवू नकोस."

"चढवते. उद्या सकाळी हिच्या घशात चाकू घालणार आहात आणि मला त्रास नको म्हणून सांगत नाही? घसा आहे तो! तिथे दाबून धरता येत नाही, पट्टी बांधता येत नाही. आणि रक्त त्याच दिवशी येईल असंही नाही. तुम्ही पेढे वाटून मोकळे झाल्यावर, आठवड्याने, खपली पडते तेव्हा येतं."

"आत्या," पोर पहिल्यांदाच बोलली, "तू ऑपरेशन करू नका म्हणतेयस?"

"नाही गं. कर म्हणतेय. सारखा घसा धरतो तुझा, कर. पण आधी तपास. निघालं तर आधी एक इंजेक्शन देतात, नंतर काही दिवस गोळ्या. मी स्वतः दाराशी उभी राहीन. दर आठवड्याला कुणा ना कुणासाठी राहतेच मी, परक्यांसाठी. ते घेतात ऐकून."

"ऐकतात कारण ते रोगी आहेत," सर्जन म्हणाला. "तुला सगळीकडे रोगीच दिसतात. हातोडीवाल्याला सगळं खिळ्यासारखं..."

"तू चाकूवाला आहेस दादा. तू कुठलीच उपमा देऊ नकोस."

माई खुदकन हसल्या आणि लगेच भाच्याकडे बघून गंभीर झाल्या. आजचं जेवण त्याच्या घरी होतं. "पण मी म्हणते, भूलवालीने विचारलं ना सगळं? काल तासभर बसली होती पोरीसमोर. ती काय बिनडोक आहे?"

"विचारलं की!" सर्जनला आधार मिळाला. "मी समोर होतो. स्पष्ट विचारलं तिने, घरात कुणाला ब्लीडिंगचा त्रास आहे का. काय सांगितलंस गं?"

"नाही म्हटलं," पोर म्हणाली.

"झालं! नाही म्हणाली. बापासमोर, भूलवालीसमोर, शुद्धीवर असताना."

रक्तवाली आता बसली. भाचीच्या शेजारची खुर्ची ओढून, तिच्याकडे तोंड करून. दवाखान्यात ती बसायची तशी. "नाही का म्हणालीस?"

"नाहीच आहे ना कुणाला. म्हणजे तू म्हणतेस तुला आहे. पण बाबा म्हणतो ते बॉर्डरलाइन आहे, तू उगाच..." पोर थांबली.

"उगाच मोठं करते. बरं. तुझी वहिवाट कशी असते?"

"आत्या! आजोबा बसलेत."

"असू देत. शब्द त्यांचाच आहे."

पोरीने आईकडे पाहिलं. आईने ताटाकडे पाहिलं. "असते की. आपल्याकडे असते तशीच. पहिले दिवस कॉलेजला नाही जात. झोपताना खाली टॉवेल घालते, जाड. सकाळी धुवून टाकते. चक्कर येते कधीकधी. एकदा लायब्ररीत खुर्चीवर..." ती पुन्हा थांबली. "पण ती वहिवाट. तिने ब्लीडिंग विचारलं होतं."

सर्जनचा घास हातातच राहिला.

"म्हणजे सगळ्याच मुलींना असं नसतं?" पोर विचारत होती. "मला वाटायचं बाकीच्या बोलत नाहीत. आपण निदान बोलतो तरी."

रक्तवालीला वाटलं होतं, आपण आता ओरडू. तिने खुर्ची नुसती आणखी जवळ ओढली. जन्मभर ती शिकाऊ डॉक्टरांना सांगत आली होती की नुसतं 'रक्त जातं का' असं विचारू नका, लोकांना आपलंच प्रमाण वाटतं, त्यांच्या शब्दांत विचारा. आणि तिच्या स्वतःच्या घरात असा एक नेटका, हसरा, कायदेशीर शब्द होता, की त्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या रक्त वाहत राहिलं आणि बाहेर एक थेंब दिसला नाही.

"ही व्याख्येची गडबड आहे," अप्पा म्हणाले. "प्रश्नच संदिग्ध होता."

"अहो अप्पा, गप्प बसा जरा!" हे माई म्हणाल्या. मोठ्या भावाला त्या असं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं; त्यांना स्वतःलाही नसावं, कारण बोलून झाल्यावर त्या दचकल्या. मग पुढे बोलतच राहिल्या. "माझी पिशवी काढली तेव्हा मी केवढी होते? या पोरीपेक्षा थोडी मोठी. एक मूल झालं होतं. दुसरं हवं होतं मला. डॉक्टर तुमचेच मित्र. म्हणाले, बाई, कटकट कायमची मिटवून टाकू. तुम्ही म्हणालात, मिटवून टाका. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते, माझी वहिवाट आहे म्हणून?" त्या रक्तवालीकडे वळल्या. "तुझं ते इंजेक्शन. ते तेव्हा होतं का गं?"

रक्तवालीला उत्तर माहीत होतं. त्या काळात ते नुकतंच आलं होतं, मोठ्या शहरांत मिळायचं. आणि इंजेक्शन नसलं, तरी गोळ्या होत्या. तिने माईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "आता आहे, माई."

माईंनी मान हलवली. त्यांना कळलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आपलं ताट सर्जनपासून थोडं अलीकडे ओढून घेतलं.

"हे बघा, भावनेच्या भरात," सर्जन म्हणाला, "सगळी तयारी झालीय. घसावाल्याने दुसरीकडच्या केसेस पुढे ढकलल्यात. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये काय होणार आणि काय नाही ते मी ठरवतो. ती भूलवाली काल समाधानी होती, आजही आहे. विषय संपला."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पोर उठून खिडकीशी गेली होती, फोन कानाला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने तो कानापासून काढला, स्पीकर लावला आणि टेबलाच्या मधोमध आणून ठेवला.

"हां, बोल बेटा," फोनमधून भूलवालीचा आवाज आला. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. "घाबरलीस का?"

"नाही मॅडम. तुम्ही म्हणाला होतात, काही आठवलं तर फोन कर. तुम्ही काल विचारलंत, घरात कुणाला ब्लीडिंगचा त्रास आहे का. मी चुकीचं सांगितलं."

"ठेव तो फोन," सर्जन म्हणाला.

"मला पाळीत खूप रक्त जातं. टॉवेल भिजतो. माझ्या आत्याला आहे, तिचं निदान झालंय. माई आजीची पिशवी काढली. पणजीलाही होतं म्हणतात. आणि आजोबांच्या नाकातून उन्हाळ्यात रक्त येतं, त्याला आम्ही उष्णता म्हणतो." ती श्वास घ्यायला थांबली. "बाबा दाढी करताना कापून घेतो तेव्हा अख्खा पेपर संपतो तरी कापूस लावून बसलेला असतो. ते पण सांगायचं का?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग भूलवाली म्हणाली, "डॉक्टर तिथेच आहेत का?"

"आहे मी," सर्जन म्हणाला. "बाई, हे सगळं घरगुती..."

"सर, उद्याची केस मी घेणार नाही. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बोलू. आणि सर, एक विचारू? तुमची बहीण याच विषयातली आहे ना? आम्ही सगळे अवघड रोगी तिच्याकडेच पाठवतो. तुम्ही तिला दाखवलं नाहीत?"

फोन बंद झाला. अप्पांनी घसा खाकरला आणि विचारलं की आता लोकांना ऑपरेशन पुढे का ढकललं म्हणून सांगायचं. उद्या पोरीला स्थळं बघायची आहेत, रक्ताचा दोष म्हटल्यावर कोण दारात उभं राहील. सर्जनलाही हा मुद्दा पटकन आवडला. आतापर्यंत तो हरत होता. आता निदान चिंता तरी करता येत होती.

"आणि मुळात," तो म्हणाला, "हिचा अशक्तपणा आईकडून आलाय. हिच्या माहेरची सगळीच पांढरीफटक. आपण हे पहिल्यापासून म्हणतोय."

"नाही," रक्तवाली म्हणाली. तिला हे भांडण जिंकायचा कंटाळा आला होता, तरी एवढं सांगायलाच हवं होतं. "वहिनींकडून नाही. हे आपल्याकडून येतं. अप्पांकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून तिच्याकडे. वहिनींचा काही संबंध नाही."

वहिनी वाढायच्या थांबल्या. हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं, बरोबर मधोमध, आवाज न करता.

"माझा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पोर जन्मली तेव्हापासून हे ऐकतेय मी. हिच्या माहेरचं रक्त. माझ्या आईला तोंडावर म्हणाल्या होत्या माई."

माईंनी खाली बघितलं.

"माझी आई जाईपर्यंत पोरीला खजूर पाठवत राहिली. आपलं काहीतरी चुकलं म्हणून. दर महिन्याला. पोस्टाने." वहिनींचा आवाज अजून नर्सिंग होमच्या बिलाच्या खिडकीवरचाच होता, सपाट. "ताई, मघाशी मी तुम्हाला फोनवर खोटं बोलले. यांनी सांगितलं होतं, कळवू नकोस. मी नाही कळवलं. माझ्या माहेरचं निघेल म्हणून भीत होते मी. आता तपासायचं म्हणजे काय लागतं?"

"रक्त. थोडंसंच. उद्या सकाळी मी माझ्या लॅबमध्ये लावते. एकदा नॉर्मल आलं तरी पुन्हा करावं लागेल. घाबरल्यावर रक्तातलं ते प्रमाण तात्पुरतं चढतं."

"घ्या मग. साहित्य खाली आहे, किल्ली माझ्याकडे."

रक्तवालीने खाली जाऊन साहित्य आणलं. पोरीने स्वतःच बाही वर केली. कुणी धीर दिला नाही, तेवढ्यात झालंसुद्धा. भाचीच्या हातावर बोळा दाबून धरत रक्तवाली नळीवर नाव लिहायला लागली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता यांचं."

"माझं कशाला?" सर्जन म्हणाला. "मला काय झालंय? अख्खं आयुष्य मी रक्तात हात घालून..."

"हात पुढे कर," वहिनी म्हणाल्या.

लग्नापासूनचं 'अहो' त्या एका वाक्यात कुठल्या कुठे गेलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातलाच नाही. सर्जनने बायकोकडे पाहिलं, मग दरवाज्याकडे, मग हात पुढे केला. सुई टोचताना त्याने मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. रक्तवालीला नवल वाटलं नाही. कापणाऱ्या माणसांचं तसंच असतं.

तिने सुई काढली, बोळा ठेवला. "दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"मला शिकवतेस?"

त्याने धरला तो दोन-चार वाक्यांपुरताच. घसावाल्याला काय सांगायचं, कुणी सांगायचं, आणि ज्यांनी हा घोळ घातला त्यांनीच फोन करावा, एवढं बोलून त्याने बोळा ताटात टाकला, पांढऱ्या शर्टाची बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

रक्तवाली भाचीला डोळे आणि जीभ दाखवायला सांगत होती. तिचं लक्ष पोरीच्या नजरेमुळे वळलं. पोर बापाच्या कोपराकडे बघत होती. माईही. बाहीवर आधी एक ठिपका आला. मग तो नाण्याएवढा झाला, मग घडीच्या रेषेवरून सावकाश खाली उतरायला लागला. सर्जनने तो पाहिला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"दाब," वहिनी म्हणाल्या.